दहा बायका, पाच-पाच शब्द

टर्लिंग्टन काउंटीतल्या शाळेत ज्याने ज्याने जेवणाच्या सुट्टीत ताट पुढे केलं आहे, त्याला मिस व्हर्ला क्रीचशी खोटं बोलणं जमत नाही. एकतीस वर्षं त्या शाळेच्या खानावळीत होत्या, त्यातली शेवटची बारा मुख्य स्वयंपाकीण म्हणून. वाटाणे दुधाच्या खोक्यात कोण लपवतो, दुसऱ्याच्या ताटातला केक कोण उचलतो, हे त्यांना नावानिशी पाठ. पुढे तोच पोरगा शेरीफ होवो नाहीतर न्यायाधीश, मिस व्हर्ला समोर आल्या की त्याचा हात आपोआप तोंड पुसायला जातो.

मीही त्याच रांगेतली. मी मार्व्हा, काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, आयुक्त मंडळाची सचिव. मंडळात पाच आयुक्त, आणि त्या पाचांनी तोंडातून काय काढलं ते इतिवृत्तात लिहायचं माझं काम. आता निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने सांगते.

नोकरी संपली, नवरा हॉइटही गेला, तेव्हा मिस व्हर्लांना घर खायला उठलं. त्यांनी जेवणाचे डबे सुरू केले. तळलेली कोंबडी, लोण्याची दोन जाड, पावासारखी मऊ बिस्किटं, मसाला भरलेली अंडी आणि केकचा तुकडा. शेतावर तंबाखू काढायला आलेली माणसं घ्यायची, न्यायालयातले कारकून घ्यायचे. पण सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक विमानतळावरचं. आमचा विमानतळ म्हणजे सोयाबीनच्या शेतांत आखलेली एक धावपट्टी आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी फाटकी पिशवी. तिच्या टोकाला उंच कुंपणाआड एक हँगर होतं. पाटीवर नुसतं ‘विमान सेवा’. जमीन काउंटीची, भाडेकरार आमच्या मंडळाचा, कंपनी खाजगी.

कंपनीचा फोन यायचा, "उद्या सात डबे." हँगरमध्ये दोन-तीन विमानं असायची, म्हणून झाकणावर विमानाच्या शेपटीवरचा नंबर लिहायचा. मिस व्हर्ला त्याखाली आपल्या मनाने जाड पेनाने लिहायच्या, ‘प्रवास सुखाचा होवो.’

असे त्यांनी तीन वर्षं डबे दिले. मग २००५ च्या हिवाळ्यात राज्याच्या राजधानीतल्या पेपरात एका विमानाचा फोटो आला. बातमी अशी, की सरकार परदेशात संशयावरून माणसं उचलतं, डोळे बांधून विमानात घालतं आणि जिथे कुणी विचारणारं नाही अशा तुरुंगात नेऊन टाकतं. तिथे त्यांचा छळ होतो. विमानं मात्र सरकारी नाहीत, खाजगी कंपनीची. म्हणजे कुणी विचारलंच तर सरकारने म्हणायचं, आमचं कुठे होतं विमान? एका माणसाचं नावही दिलं होतं. मुनीर झगलामी, मूळचा ट्युनिशियाचा, ऑस्ट्रियात ग्राझ शहरात फरशा बसवायचा. भावाला भेटायला निघाला होता, सीमेवर नावाच्या घोटाळ्यात सापडला. चौदा महिन्यांनी त्याला एका घाटरस्त्यावर सोडून दिलं. गुन्हा नाही, खटला नाही, खुलासाही नाही.

फोटोतल्या विमानाच्या शेपटीवरचा नंबर मिस व्हर्लांनी स्वतःच्या हाताने शंभरदा लिहिला होता.

त्यांनी गॅस बंद केला आणि कंपनीला फोन लावला. "तुमचे डबे आजपासून बंद."

"का हो? काही चुकलं का आमचं?" तिकडचा माणूस.

"आपण कुणाला जेवू घालतोय हे कळल्याशिवाय मी वाढत नाही, बाळ. विमानात कोण असतं?"

फोन कट.

मग त्या विचारत सुटल्या. आमच्या मंडळाचे अध्यक्ष वेंडेल लॅसिटर, ट्रॅक्टरचं दुकान चालवणारा गोरागोमटा, गोड बोलणारा गृहस्थ, म्हणाले, "मिस व्हर्ला, धावपट्टी तेवढी आपली. विमानं कंपनीची. कंपनीला विचारा." कंपनी म्हणाली, गुप्ततेचा करार आहे, वॉशिंग्टनला विचारा. वॉशिंग्टनच्या खासदाराच्या कचेरीतून छापील पत्र आलं, की विषय स्थानिक दिसतो, कृपया आपल्या काउंटीकडे चौकशी करावी.

ते पत्र घेऊन त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "मार्व्हा, शाळेत फरशीवर दूध सांडायचं ना, तेव्हा टेबलावरच्या चौघांचेही पेले काठोकाठ भरलेले असायचे. दूध मग काय आभाळातून पडायचं?"

"मग तुम्ही काय करायचात?"

"चौघांच्याही हातात फडकं द्यायचे."

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मंडळाची सभा असते आणि सभेत कुणाही नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं. येऊन येऊन कोण येतं? शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार घेऊन कुणीतरी, नाहीतर रस्त्याच्या खड्ड्यावरून कुणीतरी. जानेवारीपासून मिस व्हर्ला येऊ लागल्या. रविवारची निळी टोपी, हातात पर्स, आणि प्रश्न एकच: "आपल्या जमिनीवरून निघालेल्या विमानातून माणसांना छळायला नेलं, हे या मंडळाला माहीत होतं का?"

"धन्यवाद, मिस व्हर्ला," वेंडेल म्हणायचे. "पुढचे?"

पुढचा कुत्र्यावाला.

असं आठ महिने चाललं. मी दर वेळी इतिवृत्तात प्रश्न जसाच्या तसा लिहीत होते. कंपनीच्या वकिलाच्या ते डोळ्यावर आलं असावं, कारण सप्टेंबरात मंडळाने ठराव केला: यापुढे नागरिकांचं बोलणं इतिवृत्तात घ्यायचं नाही. फक्त बोलणाऱ्याचं नाव आणि विषय, त्याने चिठ्ठीवर लिहिला असेल तसा, सचिवाने मोठ्याने वाचावा आणि तेवढाच नोंदवावा.

ऑक्टोबरात मिस व्हर्लांनी चिठ्ठी दिली. चिठ्ठी कसली, चिठ्ठीला टाचलेली सहा पानं. मी नियमाप्रमाणे उभी राहिले आणि वाचू लागले. "नाव: व्हर्ला क्रीच. विषय: ज्या विमानाच्या शेपटीवर पुढील नंबर आहे त्या विमानाने ज्या तारखांना ज्या ज्या ठिकाणी..."

दुसऱ्या पानावर वेंडेल खुर्चीत चुळबुळले. "मार्व्हा, अजून किती आहे?"

"चार पानं, साहेब. विषयच आहे."

"त्यांची तीन मिनिटं संपली की!"

मंडळाच्या वकिलाने नियम चाळला आणि पडेल आवाजात सांगितलं, विषय वाचण्याचा वेळ तीन मिनिटांत धरत नाहीत. मी सहाही पानं वाचली. पाणी पिऊन वाचली. मग मिस व्हर्ला माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "मला यावर काही बोलायचं नाही. सगळं विषयातच आलं."

मागच्या रांगेत कुत्र्यावाला टाळ्या वाजवायला लागला.

नोव्हेंबरात नवा ठराव: विषय पाच शब्दांहून जास्त नसावा. पाच विरुद्ध शून्य. मत देताना वेंडेलचा चेहरा असा खुलला होता, जसा काही शेजारणीची कोंबडी स्वतःच्या हाताने खुराड्यात कोंडली. सभा संपल्यावर जिन्यात मिस व्हर्लांना म्हणाले, "पाच शब्द पुष्कळ झाले, नाही का हो?"

"भरपूर झाले," त्या म्हणाल्या. "तुला तिसरीत एकही धड लिहिता येत नव्हता."

डिसेंबरच्या सभेला नाताळचे दिवस म्हणून दालन सजवलं होतं. मी आत आले तर पहिल्या रांगेत दहा बायका. खानावळीतल्या जुन्या वाढपिणी, चर्चमध्ये गोधड्या शिवणाऱ्या, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, मांडीवर पर्स. त्यांत नेल्डा मावशीही होत्या. नेल्डा मावशी म्हणजे वेंडेलची सख्खी मावशी. आई लवकर गेली, यांनीच त्यांना वाढवलं.

दहा चिठ्ठ्या माझ्या हाती आल्या, वर कोपऱ्यात क्रमांक घातलेल्या. मी पहिली वाचली. नाव वाचलं, विषय वाचला: "मुनीर झगलामी नावाच्या एका फरशीवाल्याला".

बाई माइकपाशी गेली, "माझं झालं," म्हणून परत बसली.

दुसरी. "डोळे बांधून, हातपाय साखळीने जखडून".

"माझंही झालं."

तिसरी. "आपल्याच धावपट्टीवरून निघालेल्या विमानात घालून". चौथी. "परदेशातल्या एका तुरुंगात नेलं, तिथे". पाचवी. "चौदा महिने त्याचा छळ झाला,".

इथवर हसू फुटायला आलं होतं लोकांना, ते विरलं.

सहावी. "त्याच्यावर एकही गुन्हा कधी नव्हता,". सातवी. "विमान कंपनीचं, जमीन आपल्या काउंटीची,". आठवी चिठ्ठी नेल्डा मावशींची. "आणि या मंडळाला सगळं ठाऊक".

वेंडेल पुढे वाकले. आवाज बारीक. "मावशी, तूपण?"

"मला पाचच शब्द दिलेस, बाळा," मावशी माइकमध्ये म्हणाल्या. "बाकीचं रविवारी जेवायला येशील तेव्हा बोलते."

नववी. "असूनही ते तोंड उघडत नाही."

दहावी मिस व्हर्लांची. त्यांचा विषय होता: "वरील सर्वांशी मी सहमत आहे."

आता माझ्याकडून जे झालं ते सांगते. नाव आणि विषय नोंदवा, एवढंच नियमात होतं. कसे मांडा ते नव्हतं. मी दहा नावं एका ओळीत लिहिली आणि दहा विषय त्याखाली एकापुढे एक, एका परिच्छेदात, चिठ्ठीवरच्या स्वल्पविरामांसकट. जानेवारीत ते इतिवृत्त मंडळापुढे ठेवलं. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, हा आमच्याकडे पहिला विषय असतो. ते वाचून कायम होत नाही, न वाचता कायम होतं. माझ्या एकोणीस वर्षांत कुणी पान उलटलेलं मी पाहिलं नाही.

"कायम करायचं?" वेंडेल.

"हो, हो," चौघे.

पाच विरुद्ध शून्य. मी शिक्का मारला आणि फाइल कपाटात ठेवली. पेन्शनला चार वर्षं बाकी होती.

पुढे काही वर्षांनी राज्यातल्या लोकांनी या विमानांबद्दल स्वतःच एक चौकशी आयोग बसवला. सरकारने बसवला नाही म्हणून त्यांनी बसवला: कायद्याचे एक निवृत्त प्राध्यापक, एक नन, आणि सैन्यात कैद्यांची चौकशी करून ज्याला त्या कामाची किळस आली होती असा एक म्हातारा. आयोगाला कुणावर समन्स काढायचा अधिकार नव्हता. कंपनीला बोलावलं, आली नाही. आमच्या मंडळाला बोलावलं, पाचही जणांना त्या दिवशी नेमकं दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. मी रजा काढून मागे बसले.

पहिली साक्ष मिस व्हर्लांची. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनीच नाव दिलं होतं. त्या म्हणाल्या, "बाकीच्यांना विचारण्याआधी मी माझं सांगते. मी तीन वर्षं त्या विमानांना जेवण दिलं. झाकणावर ‘प्रवास सुखाचा होवो’ लिहिलं. कुंपण एवढं उंच का, हे मी एकदाही विचारलं नाही. मला कुणी फसवलं नाही. मी विचारलंच नाही."

मग पडद्यावर मुनीर झगलामी दिसला. देशात यायला परवाना मिळाला नव्हता, म्हणून ग्राझहून बोलत होता. चाळिशीचा, पण खांदे साठीचे. डावा हात त्याला वर उचलता येत नव्हता. दुभाषी बाई एकेक वाक्य सांगत होती. छळाचं त्याने फार थोडं सांगितलं आणि सपाट आवाजात सांगितलं. हात मागे बांधून टांगायचे, पाण्यात डोकं दाबायचे, झोपू द्यायचे नाहीत. प्राध्यापकांनी विमानाचं विचारलं. तो म्हणाला, "डोक्यावर पिशवी होती. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. विमानात तळलेल्या कोंबडीचा वास आला. आणि कुणीतरी हसत होतं. ते मला अजून आठवतं."

मिस व्हर्ला उठून उभ्या राहिल्या. टोपी काढली. मी त्यांना बाहेर कुठे टोपी काढताना कधी पाहिलं नव्हतं.

"तो वास माझ्या हातचा होता," त्या म्हणाल्या.

दुभाषीने सांगितलं. पलीकडे तो काहीतरी बोलला आणि दुभाषी गडबडली. "ते म्हणतात... तुम्ही कोंबडी चांगली करता."

कुणाला हसावं का रडावं कळेना. मिस व्हर्लांना दोन्ही एकदम झालं.

"तुला काय हवं, बाळ?" त्यांनी विचारलं. "खरंखुरं सांग."

"कागद," तो म्हणाला. "माझ्या नावापुढे सगळीकडे प्रश्नचिन्ह आहे. नोकरी मागायला जातो, विचारतात. घर मागायला जातो, विचारतात. तुमच्या देशातल्या कुठल्याही कचेरीचा एक कागद हवा, की मी काही केलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मिस व्हर्ला माझ्या टेबलापाशी. "मार्व्हा, त्या डिसेंबरच्या सभेचं इतिवृत्त मंडळाने कायम केलंय ना?"

"एकमताने," मी म्हटलं.

"त्याची सही-शिक्क्याची नक्कल कुणाला मिळते?"

"मागेल त्याला. अर्ज करा."

अर्ज त्यांनी पर्समधून काढला. भरलेलाच होता. मी नक्कल काढली, ‘मंडळाने एकमताने कायम केलेल्या इतिवृत्ताची खरी प्रत’ असं लिहिलं, सही केली, आणि वर काउंटीचा सोनेरी शिक्का डकवला. त्यावर तंबाखूचं पान आणि एक खेचर आहे. सरकारी कागदात आजवर कुणी मुनीर झगलामीला निर्दोष म्हटलं नव्हतं. त्या खेचराने म्हटलं. मिस व्हर्लांनी ती नक्कल मुनीरला पाठवली. ग्राझच्या कचेरीत साहेबाने तो कागद उजेडात धरून पाहिला, खेचराकडे बघून बराच वेळ विचार केला आणि मुनीरच्या फाइलीत लावला. आठ महिन्यांनी त्याचा कायम राहण्याचा परवाना झाला. कागदामुळेच झाला असं मी म्हणणार नाही. मुनीर म्हणतो.

या कागदाची बातमी पेपरात आली तेव्हा आमच्या इमारतीत आग लागल्यासारखी धावपळ. वकील म्हणाला, कायम झालेलं इतिवृत्त बदलता येत नाही. मला बोलावून झाडलं, पण नियमात बोट ठेवायला जागा सापडेना. शेवटी वेंडेल उठले आणि मिस व्हर्लांच्या घरी गेले. मी तिथे स्वयंपाकघरात भेंडी चिरत बसले होते; मला बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"मिस व्हर्ला, तुम्ही मला फसवलंत."

"बस. बिस्किट घे. वाचल्याशिवाय हो म्हणालास, त्यात माझी काय फसवणूक?"

ते बसले. बिस्किट हातात तसंच. "वॉशिंग्टनहून एक माणूस आला होता," ते म्हणाले. "अगदी सुरुवातीला. म्हणाला, देशाचं काम आहे, जितकं कमी विचाराल तितकं बरं. साठ लोकांना काम मिळणार होतं. माझा थोरला तिथे मेकॅनिक लागला. मी विचारलं नाही."

"मीही विचारलं नाही," मिस व्हर्ला म्हणाल्या. "पण मी ते उभं राहून सांगितलं. अवघड नाही रे. एका मिनिटाचं काम."

"तुमचं ठीक आहे. तुम्हाला निवडून यायचं नसतं."

"म्हणून तर तुझं जास्त मोलाचं."

वेंडेल बिस्किट न खाता गेले. असं त्या घरात पूर्वी कधी झालं नसेल.

एप्रिलमध्ये कंपनीचा भाडेकरार नव्याने करायचा होता. वेंडेलनी त्यात एक कलम घातलं: विमान कुणासाठी आणि कुणाला घेऊन उडतं, हे काउंटीने विचारलं तर सांगावं लागेल. कलम वाचून दाखवताना ते उभे राहिले, आणि वॉशिंग्टनच्या माणसाची गोष्ट त्यांनी माइकमध्ये सांगितली, थोरल्या मुलासकट. दोन वेळा थांबले. नेल्डा मावशी पहिल्या रांगेत सरळ बसून ऐकत होत्या.

कलम पडलं. तीन विरुद्ध दोन. करार जसा होता तसा झाला. त्या उन्हाळ्यात कंपनीने नाव बदललं, नवी पाटी लावली, कुंपण दोन फूट वाढवलं. पुढच्या निवडणुकीत वेंडेल आपटले. आज ते पूर्ण वेळ ट्रॅक्टर विकतात आणि थोरला मुलगा त्यांच्याच दुकानात दुरुस्ती करतो. तो कंपनीतून निघाला की काढला, ते कुणी नीट सांगत नाही.

कलम पडलं त्या संध्याकाळी मिस व्हर्लांना वाईट वाटलं असेल म्हणून मी त्यांना तळलेले मासे खायला घेऊन गेले. त्यांनी कोबीच्या कोशिंबिरीला नावं ठेवली, आचाऱ्याला बाहेर बोलावून व्हिनेगर किती घालायचं ते सांगितलं, आणि मग पर्समधून एक छापील पत्रक काढलं. राजधानीत राज्याच्या विमानतळ खात्याची सुनावणी होती. आमच्या धावपट्टीला डागडुजीचं अनुदान तेच खातं देतं.

"तिथे दोनच मिनिटं देतात," मी वाचून म्हटलं.

"बघू," त्या म्हणाल्या. "विषय किती शब्दांचा चालतो, ते कुठे लिहिलंय का बघ."

कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता त्या ब्याऐंशीच्या आहेत, नजर अधू झाल्यामुळे गाडी चालवायचा परवाना गेला आहे, म्हणून गाडी मी चालवते. मागच्या सीटवर नेल्डा मावशी आणि गोधड्या शिवणाऱ्यांपैकी दोघी. रस्ताभर भांडतात, खिडकी उघडी ठेवायची का बंद. खात्याच्या दारावरचा शिपाई आम्हाला ओळखतो, तोही टर्लिंग्टनचाच. आम्ही दिसलो की आधी बाहीने तोंड पुसतो आणि मग दार उघडतो.